उंबरठ्यापाशीं थबकलेला कायदा
(मोलकरणींचा प्रश्न आणि सरकार)

सन २०१७ च्या सप्टेंबर महिन्यांत पुणें शहरांत एक विलक्षण फिर्याद नोंदली गेली. मोठ्या सरकारी हुद्यावर असलेल्या एका शास्त्रज्ञ बाईंनीं सिंहगड रस्ता पोलीस ठाण्यांत तक्रार दिली ती अशी : गौरी-गणपतीचा नैवेद्य आणि आईवडिलांच्या श्राद्धाचा स्वयंपाक सोंवळ्यानें व्हावा म्हणून त्यांनीं ब्राह्मण सुवासिनी स्वयंपाकीण ठेविली होती, परंतु ती बाई ब्राह्मण नसून तिनें आपली जात लपविली, व त्यायोगें त्यांच्या धर्मभावनांस धक्का बसला. पोलिसांनीं तोतयेगिरी करून फसविल्याचें, म्हणजे तत्कालीन भारतीय दंडविधानाचें ४१९ वें कलम, आणि त्याच्या जोडीस अंगावर जाणें व शिवीगाळ करणें यांविषयींचीं कलमें लावून त्या स्वयंपाकिणीवर गुन्हा दाखल केला. स्वयंपाकीण बाईंनीं आरोप नाकारला. वर्तमानपत्रांत गवगवा झाला, निषेधाच्या सभा झाल्या, आणि थोड्याच दिवसांत फिर्याद मागें घेण्यांत आली. प्रकरण मिटलें, असें सर्वांनीं म्हटलें.

त्या वेळीं जी चर्चा झाली ती बहुतेक सोंवळें-ओंवळें या विषयावर झाली. विद्येनें मनुष्याचे संस्कार पालटतात कीं नाहीं, हा त्या चर्चेचा मुख्य सूर होता. आमच्या मतें मात्र त्या प्रसंगांत अधिक विचार करण्याजोगें पात्र निराळेंच होतें. तें म्हणजे फिर्याद लिहून घेणारें सरकार. मालकिणीनें बोलाविलें तेव्हां सरकार त्या स्वयंपाकघरांत तत्काळ गेलें, आणि कायद्याच्या पुस्तकांतून योग्य कलमही त्यानें शोधून काढलें. आतां वाचकांनीं क्षणभर उलट कल्पना करून पाहावी. तीच बाई त्याच ठाण्यांत जाऊन म्हणाली असती कीं, "माझी जात कळतांच मला कामावरून काढलें", तर अंमलदारानें कोणतें कलम लाविलें असतें? ती अनुसूचित जातींपैकीं नसल्यामुळें १९८९ सालचा अत्याचार-प्रतिबंधक कायदा तिच्या उपयोगाचा नव्हता. १९५५ सालचा कायदा अस्पृश्यतेपुरता आहे. राज्यघटनेचें पंधरावें कलम दुकानें, उपाहारगृहें, विहिरी, तलाव यांपर्यंत पोंचतें. सोळावें कलम सरकारी नोकरीपर्यंत पोंचतें. खासगी स्वयंपाकघरापर्यंत दोहोंपैकीं एकही पोंचत नाहीं. तात्पर्य काय, तर जात लपविणें हा गुन्हा ठरूं शकला; जात विचारून पोटावर पाय देणें हा मात्र गुन्हा ठरला नसता. ही विषमता कशी उत्पन्न झाली, आणि एवढीं वर्षें ती कशी टिकली, याचा थोडासा इतिहास प्रस्तुत लेखांत सांगण्याचा विचार आहे.

घरांत राबणाऱ्या बाईशीं सरकारचा संबंध आपल्याकडे नवा नाहीं. पेशवाईंत कुणबिणींची खरेदी-विक्री होत असे. सरदारांच्या व सुखवस्तु गृहस्थांच्या वाड्यांत त्या दळणकांडण, सारवण, पाणी भरणें हीं कामें करीत. सरकारी कोठ्यांतूनही त्या कामास असत. पुढें कंपनी सरकारनें १८४३ सालच्या पांचव्या कायद्यानें गुलामावरील मालकीहक्काची दाद न्यायालयांत घेतली जाणार नाहीं असें ठरविलें. ही सुधारणा मोठी खरीच. परंतु तिचें स्वरूप नीट लक्षांत घेतलें पाहिजे. बाईवरील मालकाचा हक्क कायद्यानें काढून घेतला. पण मालकावर बाईचा कांहीं हक्क आहे, असें मात्र त्यानें कोठेंच म्हटलें नाहीं. कुणबीण होती ती मोलकरीण झाली; तिच्या मोलाचें काय, हें ठरविण्याचें काम मालकाकडेच राहिलें.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत पुण्यांत दोन प्रकारचीं घरें एकमेकांपासून कोसभर अंतरावर नांदत होतीं. एक पेठांतलें घर आणि दुसरें लष्करांतला साहेबाचा बंगला. पेठांतल्या घरांत कामाची वांटणी जातीनें होत असे. स्वयंपाक व पाणी सोंवळ्यांतल्या बाईकडे, आणि तो धंदा पुष्कळदां निराधार ब्राह्मण विधवेच्या वांट्यास येई. धुणेंभांडीं स्पृश्य गणलेल्या इतर जातींच्या बायकांकडे. आणि शौचकूप साफ करणाऱ्यास मागील दारानें यावें लागे. साहेबाच्या बंगल्यांत मात्र अस्पृश्य मानलेल्या जातींतील माणसें स्वयंपाकघरांतसुद्धां चाकरी करीत. ज्या हातचें पाणी पेठेंत विटाळ मानलें जाई, त्याच हातचें जेवण राज्यकर्ते रोज जेवीत होते. तरीही त्याच राज्यकर्त्यांनीं महारांस सैन्याचीं दारें बंद केलीं, आणि १९१० सालीं तीं उघडावींत म्हणून अर्ज करण्याची वेळ शिवराम जानबा कांबळे यांच्यावर आली. हे कांबळे पुण्याच्या मेसॉनिक हॉलमध्यें चाकरी करीत, आणि चाकरी सांभाळूनच १९०८ पासून त्यांनीं 'सोमवंशीय मित्र' हें मासिक चालविलें. चाकरमान्या मनुष्याला स्वतःविषयीं कांहीं सांगावयाचें असतें, हें पुण्यास प्रथम ठळकपणें दाखविणाऱ्यांत त्यांची गणना केली पाहिजे.

१९२९ सालीं पर्वतीच्या देवळांत अस्पृश्यांना प्रवेश मिळावा म्हणून सत्याग्रह झाला. त्यांत कांबळे यांच्याबरोबर पांडुरंग नथूजी राजभोज हे तरुण कार्यकर्ते पुढें होते. देवळाचें दार पुढें यथाकाल उघडलें. राजभोज त्या दारापाशींच थांबले नाहींत. ते राज्यसभेचे सभासद असतांना, १९५९ सालीं, घरगुती नोकरांच्या नोकरीच्या अटी ठरविणारें एक खासगी विधेयक त्यांनीं मांडलें. किमान वेतन असावें, कामाच्या तासांस मर्यादा असावी, आठवड्याची व वर्षाची सुटी असावी, अशा त्यांतील साध्या मागण्या होत्या. त्या विधेयकाचा कायदा झाला नाहीं. देवळाच्या गाभाऱ्यापर्यंत समतेचा हक्क पोंचविण्यास ज्या राष्ट्रानें मान्यता दिली, तें राष्ट्र गृहस्थाच्या मोरीपर्यंत जावयास मात्र कचरलें. पर्वतीच्या पायऱ्या चढलेला मनुष्यच हें विधेयक घेऊन दिल्लीस गेला होता, ही गोष्ट पुण्याच्या इतिहासांत अजून म्हणावी तशी नोंदली गेलेली नाहीं.

याच काळांत पुण्याच्या वायव्येस, पवनेच्या कांठीं, एक नवें जग उभें राहत होतें. १९५४ सालीं पिंपरीस पेनिसिलिन तयार करणारा हिंदुस्थान अँटिबायॉटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला. त्याच वर्षाच्या २५ डिसेंबरला, तेथून थोड्याच मैलांवर देहूरोड येथें, डॉ. आंबेडकरांनीं बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली. १९६२ सालीं महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ निघालें व माळरानें कारखान्यांस मिळालीं. १९७० सालीं पिंपरी, चिंचवड, आकुर्डी आणि भोसरी या गांवांची मिळून नगरपालिका झाली. १९८२ सालीं ती महानगरपालिका झाली. मध्यंतरीं १९७२ च्या दुष्काळानें मराठवाड्यांतील व सोलापूरकडील हजारों कुटुंबें पोटामागें इकडे आलीं. पुरुष कारखान्याच्या दारांत उभे राहिले. बायकांनीं प्राधिकरणाच्या बंगल्यांचीं आणि कारखान्यांतील साहेबलोकांच्या घरांचीं दारें ठोठावलीं. नव्वदीनंतर चाकणच्या माळावर मोटारींचे कारखाने आले, तेव्हां हाच क्रम खेड तालुक्यांत पुन्हा सुरू झाला.

या पट्ट्यांतील एखाद्या दोन खोल्यांच्या घरांत पाहिलें म्हणजे कायद्याची चमत्कारिक फाळणी ध्यानांत येते. नवरा कारखान्यांत, मग तो ठेकेदाराचा माणूस कां असेना, त्याच्या मागें कामगार कायद्यांची मोठी परंपरा आहे : तासांची मर्यादा, भविष्यनिर्वाह निधि, राज्य विम्याचें कार्ड. ठेकेदार हें सारें बुडवितो हें खरें; पण बुडविण्याजोगें कांहीं तरी कायद्यांत आहे. त्याच घरांतली बायको सकाळीं सहापासून पांच घरचीं धुणीं-भांडीं उरकते. तिला या पुस्तकांत जागा नाहीं. आजारी पडली तर चिंचवडच्या मोहननगरांतील विमा रुग्णालयांत तिला दार उघडतें, तें अमुक कामगाराची बायको म्हणून. स्वतः कामगार म्हणून नव्हे. १९४८ सालच्या किमान वेतन कायद्याच्या परिशिष्टांत कोणता धंदा घालावा हें ठरविणें राज्यांच्या हातीं होतें. कर्नाटकानें २००४ सालीं घरकामाचे किमान दर जाहीर केले. कामगार चळवळीचें माहेरघर म्हणविणाऱ्या महाराष्ट्रानें मात्र तें केलें नाहीं.

जातीचा प्रश्न येथें वेतनाच्या प्रश्नास येऊन मिळतो, आणि तो पुष्कळांच्या ध्यानांत येत नाहीं. सुशिक्षित घरांतून हल्लीं "तुझी जात कोणती?" असें उघड विचारणें असभ्य समजलें जातें. त्याऐवजीं आडनांव विचारतात. आडनांवावरून उमज पडला नाहीं तर गांव विचारतात. तेवढ्यानेंही भागलें नाहीं तर घरीं कोणते सण करतां म्हणून चौकशी होते. उत्तर मनासारखें आलें तर पोळपाट-लाटणें हातीं येतें. न आलें तर केरसुणी येते. स्वयंपाकाचें मोल अधिक, भांड्यांचें त्याहून कमी, आणि संडास-मोरी धुण्याचें काम तर अंगावर शिक्का मारणारें. म्हणजे त्या एका प्रश्नाच्या उत्तरावर बाईचें महिन्याचें उत्पन्न ठरतें. कित्येक बौद्ध बायका १४ एप्रिलची सुटी मागतांना पोटदुखीचें निमित्त सांगतात, असें आम्हीं त्यांच्याच तोंडून ऐकलें आहे. कारण खरें सांगितलें तर दुसऱ्या दिवशीं ताईंचा सूर बदलतो, आणि चहाचा कप खिडकींत वेगळा उपडा ठेवलेला दिसूं लागतो. अस्पृश्यतेच्या कारणावरून कोणास नोकरींत अडथळा करणें हा १९७६ च्या दुरुस्तीनंतर कागदोपत्रीं गुन्हा आहे, ही गोष्ट खरी. परंतु जेथें नेमणूक तोंडी, बडतर्फी तोंडी, साक्षीदार फक्त मालकिणीच्या घरचे, तेथें तो गुन्हा शाबीत कसा व्हावा?

हा दोष केवळ आपल्याच सरकारचा आहे असें नव्हे. अमेरिकेंत गुलामगिरी कायद्यानें १८६५ सालीं संपली, आणि दक्षिणेकडील कृष्णवर्णीय स्त्रियांना बहुधा गोऱ्यांच्या घरचें धुणें, स्वयंपाक व मुलें सांभाळणें हेंच काम उरलें. १८८१ सालीं अटलांटा शहरांतील कृष्णवर्णीय परटिणींनीं दरासाठीं संप केला, तेव्हां नगरसभेनें त्यांच्यावर २५ डॉलर परवाना-फी बसविण्याची धमकी दिली. पुढें मोठ्या मंदीच्या काळांत रूझवेल्ट सरकारनें कामगारांसाठीं नामांकित कायदे केले. १९३५ सालचा सामाजिक सुरक्षेचा कायदा आणि १९३८ सालचा किमान वेतनाचा कायदा या दोहोंतूनही शेतमजूर आणि घरगुती नोकर वगळण्यांत आले. काळ्या मनुष्याचें नांव कायद्यांत कोठेंच नव्हतें. पण दक्षिणेंत ज्या दोन धंद्यांत काळीं माणसें प्रामुख्यानें होतीं, नेमके तेच दोन धंदे गळले. किमान वेतन घरगुती नोकरांस लागू व्हावयास १९७४ साल उजाडावें लागलें. १९६४ सालच्या प्रसिद्ध नागरी हक्क कायद्यांतही नोकरींतील वर्णभेदाला बंदी झाली ती ठराविक संख्येहून अधिक नोकर ठेवणाऱ्यांपुरती. एक मोलकरीण ठेवणारें घर तिच्या बाहेरच राहिलें. वर्ण आणि जात या एकच गोष्टी नव्हेत. परंतु सरकारची युक्ति दोन्हीकडे एकच दिसते : भेदभावाचें नांव न घेतां, जेथें भेदभाव अधिक तेवढा कोपरा कायद्याबाहेर ठेवावयाचा.

अटलांटाच्या परटिणींप्रमाणें पुण्याच्या मोलकरणींनींही स्वतःच पहिलें पाऊल टाकलें. १९८० सालीं पुण्यांत मोलकरणींचा संप झाला व त्यांतून त्यांची संघटना उभी राहिली. पगारवाढ, हक्काची सुटी आणि माणुसकीची वागणूक, एवढेंच मागणें होतें. दिवाळीस एक महिन्याचा पगार बक्षीस देण्याची जी रीत आज पुण्यांतील पुष्कळ घरांत दिसते, ती रुजविण्यांत या संघटनांचा मोठा वांटा आहे. तींत सरकारचा हात नाहीं. पुढें अठ्ठावीस वर्षांनीं, २००८ सालीं, महाराष्ट्रानें घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा केला. मराठी राज्यांत मराठी बायकांसाठीं केलेल्या कायद्याच्या नांवांत 'घरेलू' हा परका शब्द यावा, ही गोष्ट किरकोळ म्हणून सोडून देऊं. मुख्य उणीव अशी कीं, या कायद्यांत नोंदणी आहे, ओळखपत्र आहे, अपघात, बाळंतपण, मुलांचें शिक्षण व अंत्यविधि यांसाठीं मदतीची तरतूद आहे. परंतु वेतन, कामाचे तास, सुटी आणि जातीवरून होणारा भेद यांविषयीं मालकावर बंधन घालणारें कांहींच नाहीं. म्हणजे येथेंही सरकार दानशूर झालें, न्यायाधीश झालें नाहीं. आणि दानाचीही कथा अपुरीच. मंडळ प्रत्यक्ष स्थापन व्हावयास २०११ साल उजाडलें. त्याची मुदत संपल्यावर नवीन सभासद नेमण्यांत वर्षांमागून वर्षें गेलीं. २०२१ च्या साथींत नोंदणीकृत घरकामगारांस पंधराशें रुपये देण्याचें सरकारनें जाहीर केलें, तेव्हां ज्यांची नोंदणी झालीच नव्हती किंवा नूतनीकरणावांचून पडून होती, अशा बायकांना तें साहाय्य नुसतें ऐकावयास मिळालें. साथीच्या भीतीनें सोसायट्यांचीं फाटकें प्रथम बंद झालीं होतीं तीं याच बायकांना.

याच्या शेजारीं दुसरी एक नोंदणी ठेवून पाहावी. घरकामास बाई ठेवतांना तिचें छायाचित्र, पत्ता व ओळखपत्र पोलिसांकडे द्यावें, असें आवाहन शहरोशहरींचे पोलीस वारंवार करितात, व सुज्ञ गृहस्थ तें पाळितात. बाईपासून मालकाचें रक्षण व्हावें म्हणून सरकारचें दप्तर तयार आहे. मालकापासून बाईचें रक्षण व्हावें म्हणून कोणत्या कचेरींत कोणतें दप्तर आहे, असें विचारलें तर उत्तर सांपडणें कठीण.

यावर एक आक्षेप नेहमीं घेण्यांत येतो, आणि तो टाळून जाणें योग्य नव्हे. घर हें मनुष्याचें खासगी स्थान आहे. तेथें कोणाच्या हातचें खावें हें ज्याचें त्यानें ठरवावें. सरकारनें उंबरठा ओलांडला तर कुटुंबसंस्थेस धोका आहे, असें कित्येक विचारी लोक म्हणतात. हा आक्षेप पुण्यास परिचयाचा आहे. १८९१ साली संमतिवयाचा कायदा झाला तेव्हां याच शब्दांनीं केवढी रणधुमाळी माजली होती! त्या वेळीं उंबरठ्याआड एक अजाण मुलगी होती, व कायदा आंत गेला म्हणून घरें मोडलीं नाहींत. त्यानंतर कायदा कितीदां तरी आंत गेला आहे. २००५ सालीं कौटुंबिक छळाविरुद्ध कायदा झाला. २००६ सालीं चौदा वर्षांखालील मुलांस घरकामास ठेवण्यास बंदी झाली. २०१३ सालच्या लैंगिक छळाविरुद्धच्या कायद्यानें घरगुती कामाची जागा हीही कामाची जागा ठरविली. तेव्हां उंबरठा अलंघ्य आहे असें म्हणण्यास आतां जागा राहिलेली नाहीं. ज्यास सोंवळ्यानेंच नैवेद्य करावयाचा आहे त्यानें तो स्वतःच्या हातानें करावा. त्याच्या श्रद्धेस कोणी हात लावूं नये. पण मजुरी देऊन मनुष्य कामास ठेवला कीं तो व्यवहार झाला, आणि व्यवहारांत न्याय पाहणें हें सरकारचें कर्तव्यच आहे.

जगाचें पाऊल त्या दिशेस पडलें आहे. २०११ सालीं आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेनें घरकामगारांसाठीं १८९ वा करार संमत केला. भारतानें त्याच्या बाजूनें मत दिलें, परंतु त्यास अनुमोदन देऊन तो स्वतःवर बंधनकारक करून घेतला नाहीं. २०२५ च्या जानेवारींत सर्वोच्च न्यायालयानेंही केंद्र सरकारास समिति नेमून घरकामगारांसाठीं स्वतंत्र कायद्याचा विचार करण्यास सांगितलें. विचार करण्याची सूचना १९५९ सालीं राजभोजांनींही केली होती.

महाराष्ट्रास दिल्लीची वाट पाहण्याचें कारण नाहीं. २००८ च्या कायद्यांतच तीन गोष्टी घालतां येतील. पहिली, घरकामाचे तासावारी किमान दर, स्वयंपाक आणि सफाई यांत जातीच्या चालीनें पडलेली दरी कमी होईल असे. दुसरी, कामास ठेवतांना किंवा काढतांना जात विचारणें व त्यावरून काम देणें अथवा नाकारणें यांस स्पष्ट बंदी. आणि तिसरी, प्रत्येक प्रभागांत एक तक्रार-अधिकारी, ज्याच्याकडे बाईला वकिलावांचून व मजुरी न बुडवितां जातां येईल. पिंपरी-चिंचवडसारख्या शहरांत प्रभाग कचेऱ्या आहेत, नळपट्टी-घरपट्टीसाठीं घरोघरची नोंद आहे. जें सरकार प्रत्येक घराची पट्टी मोजूं शकतें, त्याला त्या घरांत राबणारी बाई मोजतां येणार नाहीं असें नाहीं.

आमचे वाचक बहुतेक मोलकरीण ठेवणारे आहेत. आम्हीही त्यांतच आहों. सरकारचे दोष मोजतांना हें विसरून चालणार नाहीं, कारण सरकार ज्या उंबरठ्यापाशीं थबकलें तो आपलाच उंबरठा आहे, आणि तें थबकलें तें पुष्कळ अंशीं आपली मर्जी राखण्यासाठीं. कायदा व्हावयाचा तेव्हां होवो. तोंपर्यंत आपल्याकडे येणाऱ्या बाईचें आडनांव विचारण्यापूर्वीं तें आपणांस कशासाठीं हवें आहे, एवढें प्रत्येकानें स्वतःस विचारून पाहावें. आणि १४ एप्रिलची सुटी तिनें मागण्याआधींच देऊन टाकावी.